प्रश्न ऐकण्यातच मिनिट गेलं, तर उत्तर कधी द्यायचं?

पुण्यातल्या एका वाणिज्य महाविद्यालयात कॉस्टिंग, म्हणजे उत्पादनखर्चाचा हिशोब, शिकवणाऱ्या प्राध्यापकांचं पत्र आहे. वय पन्नाशीच्या पुढे. द्वितीय वर्षाच्या वर्गात ६२ मुलं आणि त्यांत एक पूर्ण अंध विद्यार्थिनी. अंतर्गत चाचण्या आता कॉलेजने विकत घेतलेल्या ऑनलाइन प्रणालीवर होतात. ३० प्रश्न, ३० मिनिटं. प्रत्येक प्रश्नाला एक मिनिट, मिनिट संपलं की पुढचा प्रश्न आपोआप समोर येतो. वर्गात सगळ्यांच्या आधी उत्तर देणाऱ्या या मुलीला चाचणीत ३० पैकी ७ गुण मिळाले. प्राचार्य म्हणतात, 'एकीसाठी सगळी सिस्टिम बदलता येणार नाही, लेखनिक द्या.' मुलगी म्हणते, 'सर, लेखनिक नको. मला स्वतः सोडवायचीय.' जादा वेळ द्यायचा विषय निघाला तेव्हा वर्गात कुरकुर झाली. सर विचारतात, 'तिची तोंडी परीक्षा घेऊन प्रश्न मिटवावा का? तिने थोडा हट्ट सोडावा असं मला वाटतं, पण तिला तसं सांगायचं धाडस होत नाही. शिवाय मी कॉस्टिंगचा माणूस, सॉफ्टवेअरमधलं मला काय कळतं?'

सर, नमस्कार.

तिला हट्ट सोडायला सांगायचं धाडस झालं नाही, ते बरंच झालं. तुम्हाला स्वतःलाच ते पुरतं पटलेलं नसावं. पटलं असतं तर पत्र कशाला लिहिलं असतंत?

आधी माझीच एक चूक सांगते. मी शिकवत होते तेव्हा वर्गातल्या एका अंध मुलाला मी ४० पानांच्या नोट्स स्कॅन करून मेल केल्या. फार मोठं काम केल्याच्या थाटात. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'मॅडम, फाइल मिळाली, पण ती रिकामी आहे.' मी पुन्हा पाठवली. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या वेळी जरा चिडूनच फोन केला. त्याने काही न बोलता फोन लॅपटॉपजवळ धरला. आतून एक यांत्रिक आवाज म्हणत होता, 'एम्प्टी पेज. एम्प्टी पेज.' स्कॅन केलेलं पान म्हणजे नुसता फोटो. त्याच्या सॉफ्टवेअरला त्यात वाचण्यासारखं एकही अक्षर सापडत नव्हतं. तीनदा कोरी पानं पाठवली मी, आणि वर चिडलेही मीच.

म्हणून लेखनिक, तोंडी परीक्षा, प्राचार्य हे सगळं घटकाभर बाजूला ठेवा आणि एक करा. या आठवड्यात कॉलेजच्या लॅबमध्ये अर्धा तास तिच्या शेजारी बसा. एखादी जुनी चाचणी उघडा, जिचे गुण धरायचे नाहीत. हेडफोन काढून आवाज स्पीकरवर घ्या. आणि तुम्ही स्क्रीनकडे पाठ करून बसा. हे जरा विचित्र वाटेल, पण बघणारा माणूस कानाला जे कमी पडतं ते डोळ्यांनी भरून काढतो आणि त्याचं त्यालाच कळत नाही.

काय ऐकू येईल त्याचा अंदाज देते. ती बहुधा एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर वापरत असेल. मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांचं हे काम. २००६ साली सुरू झालं आणि आजही फुकट मिळतं. ते पानावरचा मजकूर एकामागून एक वाचत जातं. कॉलेजचं नाव, बोधचिन्ह, मेनू, लॉगआउट, मग घड्याळ, मग कुठे प्रश्न. पुढचा प्रश्न आला की बऱ्याच प्रणाल्यांत वाचन पुन्हा पानाच्या डोक्यापासून सुरू होतं. पुन्हा कॉलेजचं नाव. काही ठिकाणी तर घड्याळ असं बसवलेलं असतं की प्रश्न वाचून होत असताना मध्येच 'अठ्ठावन्न सेकंद, सत्तावन्न सेकंद' चालू होतं. पर्यायांपाशी आल्यावर नुसतं 'रेडिओ बटन, नॉट चेक्ड' चार वेळा, कारण प्रोग्रामरने बटनाला त्याच्या शेजारचा मजकूर जोडलेलाच नाही. खाली पुढे जायचा बाण आहे, तो ऐकू येतो 'ग्राफिक' म्हणून. या सगळ्यानंतर घड्याळ बघा. तिच्या वाट्याला आलेल्या एका मिनिटातलं विचार करायला किती उरलं?

आणि हो, ती ज्या वेगाने ऐकते तो तुमच्या-माझ्या कानाला झेपणारा नाही. सरावलेली मुलं इतक्या भरभर ऐकतात की आपल्याला ती नुसती किचकिच वाटते. तरीही वेळ पुरत नसेल तर गडबड तिच्या वेगात नाही.

आता तुम्हीच हिशोबाचे माणूस आहात. त्या ७ गुणांत कॉस्टिंग किती आणि माउस किती, हे वेगळं काढून दाखवता येईल? येणार नसेल तर ते गुण कशाचे म्हणायचे?

वर्गातल्या कुरकुरीचं उत्तरही इथेच आहे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये काढलेल्या परीक्षाविषयक मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ सांगितलेला होता. म्हणजे तुमच्या अर्ध्या तासाच्या चाचणीला १० मिनिटं. 'भरपाईचा वेळ' असा शब्द आहे तो. भरपाई होते ती गेलेल्या गोष्टीची, आणि काय गेलं ते तुम्ही स्पीकरवर ऐकलेलं असेल. वर्गाला भाषण देऊ नका. तिची हरकत नसेल तर एकदा सगळ्यांना तो आवाज ऐकवा, दोन मिनिटं. तिची हरकत असेल तर तेही करू नका, तिला प्रदर्शनात बसवायचं नाहीये.

पण नुसती १० मिनिटं देऊन तुमच्याकडे भागणार नाही. प्रश्नागणिक एक मिनिटाचं कुलूप असेल तर शेवटी मिळालेल्या दहा मिनिटांत ती करणार काय? मागचे प्रश्न तर बंद झालेले. तेव्हा प्रश्नागणिक वेळ काढून टाका आणि एकूण वेळ ठेवा. सगळ्यांसाठीच. हे मिनिटाचं खूळ कुठून आलं तेही मला ठाऊक आहे, मुलांनी उत्तरं शोधू नयेत म्हणून. त्यावर प्रश्नांचा क्रम बदलणं, मोठी प्रश्नपेढी आणि लॅबमध्ये एक सजग पर्यवेक्षक, हे उपाय आहेत. कॉस्ट शीट, म्हणजे खर्चाचा तक्ता, मांडणाऱ्या माणसाकडून मिनिटाला एक निर्णय कोणता कारखाना मागतो?

आता लेखनिकाबद्दल. प्राचार्यांचा हेतू वाईट आहे असं मी म्हणणार नाही, आणि लेखनिकाच्या जिवावर शिकून पुढे गेलेले कितीतरी लोक आहेत. पुण्यात परीक्षेच्या दिवशी स्वतःची रजा टाकून लेखनिक म्हणून जाणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना माझा नमस्कार. पण कॉस्टिंगच्या पेपरला काय होतं बघा. लेखनिक बहुधा धाकट्या वर्गातला किंवा दुसऱ्या शाखेचा. 'फॅक्टरी ओव्हरहेड्सची ओळ परत वाच', 'नाही, त्याच्या वरची', 'आता त्या खालची रक्कम'. अर्धं लक्ष गणितात, अर्धं समोरच्या माणसात. चौथ्यांदा वाचायला सांगताना जीभ अडखळते, आणि मग मूल अंदाजाने उत्तर सांगून मोकळं होतं. संगणकावर तीच ओळ दहा वेळा ऐकली तरी कुणाला ओशाळं व्हायचं कारण नाही. त्याच २०१८ च्या सूचनांत असंही म्हटलं होतं की परीक्षा कोणत्या मार्गाने द्यायची, ब्रेल, संगणक, मोठ्या टायपातला पेपर की उत्तरं रेकॉर्ड करून, याची निवड शक्यतो उमेदवारावर सोडावी. तेव्हा 'मला स्वतः सोडवायचीय' हा हट्ट कसा? उद्या बँकेत किंवा एखाद्या सीएच्या ऑफिसात ती लागली तर तिथे लेखनिक येणार नाही. ती आत्तापासून सवय करतेय.

तोंडी परीक्षेचा मोह मला समजतो. तुमचा तिच्यावर जीव आहे, तिला येतंय हे तुम्हाला माहीत आहे, पंधरा मिनिटांत काम होईल. पण ६१ जणांनी एक परीक्षा दिली आणि एकीने दुसरी, तर 'सरांनी दिले गुण' हे तिला पदवी मिळेपर्यंत ऐकावं लागेल. त्याहून वाईट म्हणजे आपल्याला खरंच किती येतं हे तिला स्वतःलाही कळणार नाही. पुढच्या सत्रात तुमच्या जागी दुसरे कुणी आले की पुन्हा पहिल्यापासून. तोंडी परीक्षा राखीव ठेवा, वीज गेली किंवा सर्व्हर झोपला तर. झालेल्या चाचणीचे ७ गुण मात्र तसेच वर पाठवू नका. अंतर्गत गुण भरायची मुदत असेल त्याआधी तिची फेरचाचणी घ्या, नीट केलेल्या पेपरवर.

नीट केलेला पेपर म्हणजे काय, याचं निम्मं उत्तर सॉफ्टवेअरमध्ये नसून तुमच्या टेबलावर आहे. तुमच्या शंकेचंही हेच उत्तर. तुमच्या पेपरात कॉस्ट शीटचा तक्ता असणार, आणि माझी पैज आहे की तो एक्सेलवरून स्क्रीनशॉट मारून चिकटवलेला असणार. तिला तो ऐकू येतो 'ग्राफिक, स्क्रीनशॉट तीन' असा. तोच तक्ता खऱ्या ओळी-रकान्यांत टाका आणि पहिल्या ओळीला शीर्षक-ओळ म्हणून नोंदवा. मग ती कीबोर्डच्या बाणांनी चौकटीचौकटीतून फिरते आणि प्रत्येक वेळी रकान्याचं नावही कानावर पडतं, 'रक्कम, बेचाळीस हजार'. दोन चौकटी एकत्र जोडायची हौस तेवढी टाळा, तिथे वाचन हमखास घसरतं.

आलेखाचं प्रकरण जरा गमतीचं आहे. ब्रेक-ईव्हनचा आलेख दिलाय आणि प्रश्न आहे, ना नफा ना तोटा बिंदू कुठे? चित्राखाली वर्णन लिहायला बसलात आणि 'दोन्ही रेषा १,००० नगांवर छेदतात' असं लिहिलंत तर उत्तरच फुटलं. काहीच लिहिलं नाहीत तर प्रश्नच गेला. अशा वेळी आलेखामागचे आकडे तक्त्यात द्या. ०, ४००, ८०० आणि १,२०० नगांना एकूण खर्च अनुक्रमे ४०,०००, ६४,०००, ८८,००० आणि १,१२,००० रुपये, विक्री ०, ४०,०००, ८०,००० आणि १,२०,०००. आठशे आणि बाराशेच्या मध्ये काहीतरी घडतंय हे तिला दिसेल, आणि नेमकं कुठे ते तिने काढायचं. डोळसांनी आलेखावरून काढायचं तेच. मला तर वाटतं सगळ्यांनाच हा तक्ता द्यावा.

मराठीतून पेपर काढत असाल तर फॉन्ट तपासा. कृतिदेवमध्ये टाइप केलेला 'परीक्षा' हा शब्द संगणकाच्या लेखी मुळी देवनागरी नसतोच. आत इंग्रजी अक्षरं असतात आणि वरून फक्त मराठी मुखवटा. तिच्या कानावर 'परीक्षा' येत नाही. 'आय, जे, एच, महिरपी कंस, के, के' असं काहीतरी येतं. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांची कथाही हीच. भारतीय भाषा संगणकावर आणण्यासाठी इतकी वर्षं राबलेल्या सी-डॅकचं मुख्यालय याच शहरात आहे, आणि आपल्या कॉलेजांच्या प्रश्नपत्रिका अजून मुखवट्यात फिरताहेत. युनिकोडमध्ये टाइप करा. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत, फक्त बदलल्यावर जोडाक्षरं एकदा डोळ्याखालून घाला.

'जोड्या जुळवा' माउसने ओढून करायच्या असतील तर त्याऐवजी प्रत्येक बाबीपुढे निवडीची यादी द्या. 'लाल रंगातले आकडे बेरजेत धरू नका' अशी सूचना असेल तर त्या आकड्यांपुढे एखादी खूण किंवा शब्द टाका. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी मुलं वर्गात असतात आणि ती सहसा बोलत नाहीत.

इथे तुमच्या प्राचार्यांच्या 'एकीसाठी' या शब्दावर थांबते. ती एकच आहे हे कशावरून? अंधत्व दिसतं म्हणून तुम्ही तिला मोजलंत. अक्षरं नाचतात म्हणून प्रश्न दोनदा वाचावा लागणारा, हात थरथरतो म्हणून बारीक गोलावर टिचकी न बसणारा, एका कानाने कमी ऐकू येतं म्हणून व्हिडिओ-व्याख्यानाखालच्या मजकुरावर अवलंबून असणारा, असं कुणीच ६२ जणांत नाही? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत वाचन-लेखनाच्या विशिष्ट अडचणीही येतात. आणि रिक्षातून पडून उजवा हात प्लास्टरात असलेल्या मुलाला कुठल्याही यादीत नाव नसताना माउस चालवता येत नाही.

आता सॉफ्टवेअर. ते विकणाऱ्या कंपनीच्या माणसाला बोलवा. 'सर, आमचं प्रॉडक्ट फुल्ली अ‍ॅक्सेसिबल आहे' असं तो म्हणेलच. त्याच्या हातातला माउस काढून ठेवा आणि म्हणा, आमच्यासमोर एक चाचणी फक्त कीबोर्डवर सोडवून दाखवा, लॉगिनपासून सबमिटपर्यंत. टॅब दाबत पुढे जाताना आपण कुठे आहोत ते दिसतंय का, अडकून पडतोय का, बघा. त्यानंतर हेच एनव्हीडीए लावून. ही तपासणी करायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. मग त्याच्याकडून लेखी घ्या की प्रणाली आयएस १७८०२ या सुगम्यतेच्या भारतीय मानकाला किंवा डब्ल्यूसीएजी या वेबसाइटच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या एए पातळीला धरून आहे का, नसेल तर काय कधी दुरुस्त होणार. कराराचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर याहून चांगली वेळ नाही.

तोवर थांबू नका. एकेका विद्यार्थ्याला वेगळी वेळमर्यादा देण्याची सोय मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या प्रणालीत आहे, तुमच्या प्रणालीतही असू शकेल, ॲडमिनला विचारा. नसेलच तर एका चाचणीपुरता साधा गूगल फॉर्म चालतो. तो स्क्रीन रीडरला बऱ्यापैकी वाचता येतो, वेळ तुम्ही घड्याळावर मोजा. कॅमेऱ्याची पाळत असेल तर तिच्यासाठी ती बंद ठेवून लॅबमध्ये माणूस बसवा. 'कृपया स्क्रीनकडे पाहा' अशी ताकीद एका अंध मुलीला तीनदा देऊन पेपर बंद करणारं यंत्र, यावर हसावं की रडावं कळत नाही. काही सुरक्षित ब्राउझर बाकीचे सगळे प्रोग्राम बंद करतात, त्यात तिचं स्क्रीन रीडरही जातं. हे परीक्षेच्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. हेडफोन कॉलेजने द्यावेत, वायरचे, म्हणजे कुणाला शंका नको.

प्राचार्यांना कायद्याची भाषा लागत असेल तर थोडक्यात: वरच्याच कायद्याचं कलम १६ शासनमान्य संस्थांनाही लागू होतं, आणि कलम १७ मध्ये परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करण्याचा उल्लेख आहे. सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी एक फरक स्पष्ट केला, तो तुमच्या कामाचा आहे. सुगम्यता ही कुणी मागण्याआधीच बांधून ठेवायची गोष्ट. एका व्यक्तीच्या गरजेप्रमाणे केलेली सोय ही त्यानंतरची, वेगळी गोष्ट. तुमच्या कॉलेजात पहिली नाही म्हणून सगळा भार दुसरीवर पडतोय. राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे, पण तिथवर जायची वेळ येऊ नये असं मला वाटतं. त्याऐवजी विश्रांतवाडीच्या 'निवांत'ला एकदा जाऊन या. मीरा बडवे यांनी उभ्या केलेल्या या संस्थेत कॉलेजात शिकणारी अंध मुलं आहेत. तुमचा पेपर तिथे कुणी दहा मिनिटं ऐकला तरी तुम्हाला दुरुस्त्यांची यादी मिळेल.

हे वाचणाऱ्या मुलांसाठी आणि पालकांसाठीही दोन शब्द. 'पोर्टल चालत नाही' एवढंच कळवलं की समोरचा 'इंटरनेट तपासा' म्हणतो. चौथ्या प्रश्नाच्या पर्यायांना नावं ऐकू येत नाहीत, पुढे जायचं बटन कीबोर्डने दाबलं जात नाही, असं नेमकं लिहा, तारीख घाला, जमलं तर आवाजाचं रेकॉर्डिंग जोडा. आणि ईमेल करा. कॉरिडॉरमध्ये सांगितलेलं परीक्षेच्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

सर, तिला विचारून वेळ ठरवा, तिच्या सोयीची. आणि लॅबमधून आलात की मला लिहा. विशेषतः तो कॉस्ट शीटचा तक्ता कसा ऐकू आला ते मला हवंय, स्क्रीनशॉटबद्दलची माझी ती पैज अजून चालू आहे.